कंट्रोलवरचं बोट

राळेगावच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणाऱ्या कारकुनाला दिसत नसे. पडद्यावरचं सगळं संगणकच त्याला वाचून दाखवायचा, भरभर, कोरड्या आवाजात. त्याच्या डाव्या हाताचं बोट कायम कीबोर्डच्या कंट्रोलवर. ती कळ दाबली की आवाज तिथंच गप्प होतो. अर्जदाराचं नाव अर्धं आलं की तो कळ दाबायचा. पुढचं त्याला कळलेलं असायचं. मी दारात आलो की नुसत्या चपलांवरून ओळखायचा. "या भाऊ, आज उशीर केला."

त्या वर्षांत कपाशीनं दगा दिला होता. जीव दिलेल्या शेतकऱ्यांची प्रकरणं त्याच्याकडे यायची. तेव्हा मात्र तो हात उचलून मांडीवर ठेवायचा आणि नाव, बापाचं नाव, गाव, सगळं वाचू द्यायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "जित्या मानसाले मधात तोडलं तं चालते. मेलेल्याचं नाव पुरं होऊ द्या लागते."

एका दुपारी माझा रजेचा अर्ज त्याच्या पडद्यावर आला. मी टेबलाशीच उभा होतो. आवाजानं माझं नाव घेतलं, आणि त्यानं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. वडिलांचं नाव झालं, आडनाव झालं, गाव झालं.

"भाऊ, दाबा न कंट्रोल," मी हसत म्हणालो. हसू काही नीट आलं नाही.

तो हलला नाही. मी मुद्दाम चपला वाजवत त्याच्याजवळ गेलो.

त्यानं मान वर केली, माझ्या पलीकडच्या रिकाम्या दाराकडे.

"कोन हाय तिथं?"