फेस येईपर्यंत

दक्षिण आफ्रिकेतली माझी शेजारीण नोमसा रवीसारखी काठी तळहातांत फिरवत डब्यातलं औषधी मुळ्यांचं पाणी घुसळत होती. फेस वर आला तर पूर्वजांनी तिला वैदू म्हणून स्वीकारलं, असं तिचे खोसा लोक मानतात. दुखण्यानं आणि स्वप्नांनी पिच्छा पुरवला, हे पूर्वजांचंच बोलावणं असं घरचे म्हणाले, म्हणून तिनं बँकेतली नोकरी सोडली होती. पाणी मात्र ढिम्म.

“मनात काय दडवलंयस? बोल,” गुरुबाई म्हणाल्या.

“मला हे नकोच होतं,” नोमसा पुटपुटली.

देवापुढे फक्त गोड बोलायला शिकलेल्या मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात फेस उसळून तिच्या गुडघ्यांवर सांडला. भोवती जमलेल्या बायका आनंदानं गाऊ लागल्या. नोमसा फेसाकडे बघत राहिली. आता नाही म्हणायची सोयच उरली नव्हती.