कानामागचे ठिपके

माझ्या धाकट्या भावाला सगळा बाजार 'डॉक्टर' म्हणतो. डॉक्टर कसला डोंबलाचा! दोन खुर्च्यांचं सलून आहे त्याचं. नाव पडलं ते चेष्टेतून, आणि त्या चेष्टेनेच त्याचा घात केला, असं मी म्हणते. तो म्हणतो, "चेष्टेला कशाला दोष देतेस, ताई? तोंड तर माझंच होतं."

लहान मुलांचे केस कापावेत ते त्यानेच. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची, तिच्यावर पोराला बसवायचं आणि "डोक्यात चिमणी शिरलीय, हललास तर उडून जाईल" म्हणत कात्री चालवायची. रडकं पोरसुद्धा चिडीचूप. रोज इतकी डोकी हाताखालून गेली की माणसाला कळायला लागतंच. नायटा कुठला, घामोळं कुठलं, अंगात ताप आहे की पोर नुसतं उन्हातून आलंय. एकदा एका बाईंना तो म्हणाला, "मानेवर पुरळ दिसतंय, गोवर तर नसेल?" निघालं घामोळं. दुसऱ्या दिवशी बाई भर दुकानात येऊन कडाडल्या, "तुम्ही केस कापा, डॉक्टरकी करू नका!" झालं! बाकड्यावर पेपर वाचत बसणाऱ्या रिकामटेकड्यांना आयतंच मिळालं. "काय डॉक्टर, जरा नाडी बघा की!" धाकटा वरवर हसायचा, पण तेव्हापासून कुणाच्या अंगावर काहीही दिसो, मूग गिळून गप्प.

त्याची लेक बाळंतपणानंतर माहेरीच होती. बाळाला कडेवर घेऊन दुपारी बापाचा डबा आणायची आणि घटकाभर बाकड्यावर टेकायची. बाळ आरशात बघून खिदळायचं. आजोबा आरशातूनच वाकुल्या दाखवायचे.

अशाच एका दुपारी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शाळेत फोटो होता, म्हणून घाई. मुलाचं नाक वाहत होतं, डोळे लाल, सारखा खोकत होता. "सर्दी झालीय," बाप म्हणाला. अर्धं डोकं कापून झालं, धाकट्याने अंगठ्याने मुलाचा कान पुढे दुमडला आणि मागे, केसांच्या कडेला, तांबडे ठिपके दिसले. मान तापलेली. घामोळ्याला असा ताप-खोकला नसतो. गोवर केसांच्या कडेला, कानामागे सुरू होतो, मग तोंडावर येतो, मग अंगभर उतरतो. लहानपणी आम्ही घरातच बघितला होता तो.

त्याने आरशात पाहिलं. मागे बाकड्यावर नात हसत होती.

"पोरी, बाळाला घेऊन घरी जा." एवढंच म्हणायचं होतं! पण शेजारी तीच मंडळी बसलेली. चुकलो तर पुन्हा हसं. त्यात अर्धं डोकं दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा आमच्या वडिलांपासूनचा नियम. भराभर हात चालवून त्याने डोकं पुरं केलं, बाप-लेक गेले, आणि मग मुलीला म्हणाला, "जा आता घरी." अरे, गोवर काय तुझी कात्री थांबायची वाट बघतो? खोकल्यातून हवेत पसरतो तो, आणि माणूस उठून गेला तरी खोलीत रेंगाळतो.

पुढे रोज सकाळी तो नातीचा कान दुमडून बघायचा. लेकीला वाटायचं, लाड चाललेत. दुसऱ्या आठवड्यात बाळ तापलं, खोकायला लागलं, आणि मग कानामागे तेच ठिपके. गोवराच्या लसीचं वय अजून व्हायचं होतं तिचं. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, औषध दिलं. दूध पाजत राहा म्हणाले. श्वास जोरजोरात चालला, पिणं सुटलं किंवा पोर मलूल पडलं, तर तडक हॉस्पिटल गाठा. तेही गाठावं लागलं. ती वाचली. पण कान वाहायला लागले, आणि ऐकणं गेलं ते गेलंच.

आपण काय पाहिलं होतं, हे त्याने लेकीला कधी सांगितलं नाही. मला सांगितलं. मी त्याला वाट्टेल ते बोलले, आणि मग त्याच्याबरोबर रडले. "तिला सांग रे बाबा," मी कितीदा म्हटलं. "सांगतो," म्हणायचा.

सांगायचा खरं, पण नातीला. ती आता शाळेत जाते, फळीशिवाय खुर्चीत बसण्याइतकी मोठी झालीय, पण तिला फळीच लागते. ती बसली, तिचा कान दुमडला, की हा मागून पुटपुटायला लागतो, "मी बघितलं होतं गं. मी बोललो नाही. आजोबांचं चुकलं." तिला ऐकू येत नाही, म्हणूनच त्याची जीभ सुटते.

परवा मी बाकड्यावर बसले होते. त्याचं पुटपुटणं चालू होतं, आणि पोर आरशात टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत होती. ओठांवरून बोलणं ओळखायला शाळेत शिकवतात तिला. जन्म आरशासमोर गेला माझ्या भावाचा, आणि आरसाच विसरला!

तिने त्याचा हात कानावरून काढला आणि फळीवरच वळून बसली. तिचं बोलणं जड आहे, शब्द अडखळतात, पण आम्हाला सगळं कळतं.

"मग तेव्हा का नाही बोललात, आजोबा?"

धाकट्याने कात्री खाली ठेवली, तिला ओठ दिसतील असा वाकला आणि म्हणाला, "चल, आधी तुझ्या आईला सांगू."

"अरे, केस तरी पुरे कर तिचे," माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"राहू दे, ताई," तो म्हणाला, आणि अर्धं डोकं कापलेल्या नातीला हाताला धरून दुकानाबाहेर पडला.