दोन हात जास्तीचे

चर्चमध्ये शिरताना उजव्या हाताच्या भिंतीवर एक पितळी पाटी आहे. मोठ्या लढाईत गेलेल्यांची नावं, दोन रांगांत, वरपासून खालपर्यंत. शहरातल्या जुन्या चर्चमध्ये अशी एखादी पाटी असतेच; लोक तिच्यापाशी उभं राहून छत्री मिटतात आणि आत जातात. पण ही पाटी जितकी चकचकीत होती तितकी दुसरी कुठलीच नव्हती. तिच्यात बघून माणसं भांग सारखा करत. मेलेल्यांचा जिवंतांना एवढा नियमित उपयोग क्वचितच होतो.

हा चकचकाट पितळमावशींचा. पगारपत्रकात त्या ‘सफाई, अर्धवेळ’ होत्या. बाकं, फरशी, काचा हे त्यांचं काम होतं. पाटी हे घराणं होतं. आधी सासूबाईंनी ती सत्तावीस वर्षं घासली, मग मावशींनी एकतीस. इतर सासवा सुनेच्या हाती कपाटाच्या किल्ल्या देतात. या सासूबाईंनी पॉलिशचा डबा दिला आणि तीन फडकी: एक लावायला, एक काढायला, एक नुसती चमक आणायला. सोबत शिकवणही दिली. गोल गोल घासायचं नाही, ओळ धरून घासायचं. आणि उजव्या रांगेतलं सगळ्यात खालचं नाव आलं की दोन हात जास्तीचे द्यायचे.

ते नाव सासूबाईंच्या सख्ख्या काकांचं. सासूबाई चार वर्षांच्या असताना काकांनी त्यांना खांद्यावर बसवून स्टेशनापर्यंत नेलं, तिथे खाली उतरवलं आणि स्वतः गाडीत चढले. वर्षाने तार आली. थडगं कुठे आहे हे तारेत नव्हतं, नंतरही कुणी कळवलं नाही. घरात फोटो नाही, पत्र नाही. जगात काकांचा पत्ता एकच उरला: उजवी रांग, शेवटची ओळ.

मावशींनी काकांना पाहिलं असण्याचा प्रश्नच नव्हता. पण दर शुक्रवारी भेटायचं म्हटलं की ओळख वाढतेच. लेकीला नोकरी लागल्याचं त्यांनी आधी काकांना सांगितलं, मग दिराला. दिराला सांगायचं राहून गेलं असतं तरी चाललं असतं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी स्टुलावर चढणं कमी केलं, त्यामुळे वरच्या ओळींना महिन्याकाठी एकदा हात लागे. खालच्या ओळींचा शुक्रवार मात्र चुकला नाही. आणि काकांचे दोन हात तर नाहीच नाही. घरची भांडी या सगळ्यात मागे पडली. मावशींचे यजमान फ्रिज दुरुस्त करत. ते एकदा काळंकुट्ट पातेलं उजेडात धरून म्हणाले, “याला लढाईवर पाठवायला हवं होतं. आज चमकलं असतं.”

त्या वर्षी चर्चच्या कमिटीने ठरवलं की पाटी झिजली आहे, तेव्हा नवी करून घ्यावी. जुन्या पाटीवरून नावं उतरवून घ्यायला एक कारागीर आला. अक्षरं कोरण्यात त्याची हयात गेली होती. तो माणसांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या खिशाला लावलेल्या नावाच्या बिल्ल्याकडे बघून बोलायचा. त्याने पाटीवर पातळ कागद चिकटवला आणि काळी मेणकांडी आडवी धरून फिरवायला सुरुवात केली. वरची नावं कागदावर ठसठशीत उमटली. मधली जरा फिकट आली. खालची कष्टाने वाचता आली. आणि उजव्या रांगेतल्या शेवटच्या वाचता आलेल्या नावाखाली, म्हणजे जिथे काका असायला हवे होते तिथे, कागद नुसता काळा झाला.

“सत्तेचाळीस,” कारागीर म्हणाला.

“अठ्ठेचाळीस,” मागून मावशी म्हणाल्या.

कमिटीचे सेक्रेटरी तिथेच होते. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पुरावा पाहिल्याशिवाय नमस्कारही परत करत नसत. त्यांनी विचारलं, अठ्ठेचाळिसावं नाव कुणाचं. मावशींनी सांगितलं. ते आपले कोण लागतात, असं त्यांनी विचारलं. मावशींनी तेही सांगितलं. तेव्हा सेक्रेटरींनी पेनाचं टोपण लावलं.

त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. नव्या पाटीची बातमी फुटल्यापासून लोक आपापले आजोबा घेऊन येत होते. एका दुकानदाराने तर असे आजोबा आणले होते की जे लढाईला गेले हे खरं, पण परत येऊन नव्वदीपर्यंत जगले हेही खरं. मूळ यादी चर्चच्या रजिस्टरात होती, आणि त्या रजिस्टराचा पाण्याच्या टाकीखाली लगदा झाला होता. लष्कराच्या कचेरीला पत्र लिहिलं होतं. पत्र मिळाल्याचं उत्तर आलं होतं. लग्नांचे जुने फोटो चाळून झाले होते. प्रत्येक फोटोत नवरा-नवरी पाटीसमोर अशी उभी होती की बरोबर खालच्या ओळी झाकल्या जाव्यात.

मग सेक्रेटरींनी जमीन मोजल्यासारखा मुद्दा मांडला. “मावशी, पाटी तुम्हीच घासता. सगळ्या खालच्या ओळींना हात सारखाच लागतो ना?”

नेमकं त्याच वेळी कारागीर कागद सोडवत, कुणाकडेही न बघता म्हणाला, “ज्याने कुणी हे इतकं घासलंय ना, त्याला पितळेच्या आसपास फिरकू देऊ नका. ही सेवा नाही, ही कानस आहे.”

मावशींचा हात पदराखाली गेला. हातात फडकं होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आज परक्या माणसाने चारचौघांत ठेवलं होतं.

“सारखाच,” त्या म्हणाल्या.

“झालं तर. तिच्या लगेच वरची ओळ वाचता येते, आणि तितकीच घासलेली खालची कोरी निघते. म्हणजे तिथे नाव नव्हतंच.” सेक्रेटरींनी सत्तेचाळीस लिहिलं. पुढच्या गुरुवारी यादी कायम करायची ठरली.

शुक्रवारी मावशी घरी आल्या तेव्हा सासूबाईंनी पलंगावरून नेहमीसारखं विचारलं, “काकांचं झालं का गं?” अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना आता सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, शुक्रवार मात्र आठवे. मावशी “झालं” म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ते काळं पातेलं घासायला बसल्या. इतकं घासलं की यजमान दारात येऊन उभे राहिले. त्यांनी विनोद केला नाही. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं: की नाव पुसलं ते आपल्याच हाताने, ते सांगायची लाज वाटली म्हणून ‘सारखाच’ म्हटलं, आणि त्या एका शब्दाने काका दुसऱ्यांदा गेले.

“मग दुसरा शब्द सांग,” यजमान म्हणाले. “फार तर काम जाईल.”

“काम जाईल ते जाईल. आईंनी सत्तावीस वर्षं केलं, त्यांनाही बोल लागेल.”

“आईला धड ऐकू येत नाही,” यजमान म्हणाले. यात सांत्वन होतं.

गुरुवारी कमिटी मागच्या खोलीत बसली होती. मावशी चहा घेऊन गेल्या, कप ठेवले आणि नेहमीसारख्या बाहेर पडल्या नाहीत. ट्रे छातीशी धरून म्हणाल्या, “साहेब, मी त्या दिवशी खोटं बोलले. हात सारखा लागत नव्हता. शेवटच्या नावाला दर आठवड्याला दोन हात जास्तीचे द्यायचे. आधी सासूबाई, मग मी. घरचा माणूस म्हणून. नाव होतं. आम्हीच ते घासून घालवलं.”

सेक्रेटरी म्हणाले की हे फार सोयीचं निघालं: आधी नाव नाही म्हणून पुरावा नाही, आता पुरावा नाही हाच पुरावा. त्यांनी हे कुत्सितपणे म्हटलं नव्हतं. मोजणी खात्यात असे दावे रोज येत.

यादी घ्यायला आलेला कारागीर मात्र उठला. त्याने पिशवीतून पोलादी पट्टी आणि टॉर्च काढला आणि तो पाटीकडे चालू लागला. सगळे मागोमाग गेले. त्याने पट्टीची धार पाटीवर आडवी टेकवली आणि मागून टॉर्च धरला. वरच्या नावांवर पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली. एकेक ओळ तो खाली सरकत गेला. रेघ थोडी थोडी जाड होत गेली. शेवटच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर पट्टी टेकवली तेव्हा पट्टीखालून नख आत जाईल एवढी फट होती.

“खड्डा आहे,” तो म्हणाला. मग पट्टी जरा उजवीकडे सरकवली. “इथे नाही.” पुन्हा डावीकडे. “इथे आहे. एका नावाच्या लांबीचा.”

त्याने पट्टी खिशात ठेवली आणि पहिल्यांदाच मावशींच्या तोंडाकडे बघितलं. “साहेब, कोऱ्या जागेला कुणी अठ्ठावन्न वर्षं असं घासत नाही.”

सेक्रेटरींनी स्वतः वाकून त्या जागेवर अंगठा फिरवला. मग तर्जनी. मोजणीवाला माणूस, पुन्हा अंगठा फिरवला. नाव होतं हे ठरलं, पण कोणतं, हे खड्डा सांगत नव्हता.

“स्वतःवर दोष ओढवून घेणारी बाई नावापुरतं खोटं बोलणार नाही,” शेवटी ते म्हणाले. टोपण काढलं आणि विचारलं, “सांगा मावशी. सावकाश सांगा.”

मावशींनी काकांचं नाव सांगितलं, आडनावासकट. सेक्रेटरींनी ते अठ्ठेचाळिसावं म्हणून लिहिलं, आणि समासात लिहिलं: ‘जागेवर पाहणी केली.’

मावशींचं काम गेलं नाही, पण पॉलिशचा डबा गेला. नव्या पाटीवर पारदर्शक रोगणाचा हात दिलेला आहे. तिला पॉलिश चालत नाही. कोरडं फडकं, तेही हलकं, असं कारागिराने तीनदा बजावलं. पाटी बसवून झाल्यावर जाता जाता तो मावशींना म्हणाला, “शेवटचं नाव इतरांपेक्षा केसभर खोल मारलंय. मला गिऱ्हाईक ठाऊक आहे.”

पहिल्या शुक्रवारी मावशींनी सगळ्या ओळींवरून हलक्या हाताने फडकं फिरवलं. वेळ फारसा लागला नाही, त्यामुळे चुकल्या-चुकल्यासारखं झालं. घरी आल्यावर सासूबाईंनी पलंगावरून विचारलं, “काकांचं झालं का गं?”

“झालं, आई.”

“आणि दोन हात?”

मावशी त्यांच्या कानाशी वाकल्या. “दिले,” त्या म्हणाल्या. “कोरडे.”