खिडकीतला हात

धम्मदीपा नागपूरहून आली ती अश्वजितची बायको म्हणून. नवरा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला संगणकाच्या चिप बनवायच्या यंत्रांवर काम करायचा आणि ही दिवसभर भिंती बघत बसायची. शेवटी डच शिकली आणि वृद्धाश्रमात कामाला लागली.

तिथले वर्नर लोझे नव्वदी ओलांडलेले. जन्माने जर्मन, पण डच बायको करून इथंच मुरलेले. आयुष्यभर गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. डोक्यावरून विमान गेलं की मात्र ते ताट दूर सारायचे.

एका दुपारी ती त्यांची नखं कापत होती. ते एकदम म्हणाले, "दुसऱ्या महायुद्धात मी लढाऊ विमान चालवायचो. पाडलेल्या विमानांबद्दल पदकं मिळायची. एकदा इंग्रजांच्या बॉम्बफेकी विमानाचं इंजिन पेटवलं. ते उतरायला शेत शोधत होतं. मी अगदी शेजारून गेलो. खिडकीत एक पोरगा होता, माझ्याच वयाचा. त्यानं हात वर केला."

"मग?"

"मी वळून परत आलो आणि पुन्हा गोळ्या झाडल्या."

धम्मदीपानं नेलकटर बाजूला ठेवलं.

"बायकोलाही कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मला त्यांच्या थडग्यांपाशी घेऊन चल."

शेजारच्या गावात, चर्चमागे त्या विमानातली माणसं पुरली होती. तिनं वरिष्ठांची परवानगी काढली, चाकाची खुर्ची ढकलत त्यांना नेलं. तिथं एक वयस्कर बाई फुलझाडांना पाणी घालत होती.

"नातेवाईक का?" तिनं विचारलं.

लोझेच म्हणाले, "नाही. यांना मी मारलं."

बाईनं झारी खाली ठेवली. "माझ्या आईनं यांना शेतातून वेचून आणलं होतं. चादरीत." एवढंच बोलून ती निघून गेली.

त्यानंतर लोझे पोटभर जेवू लागले, गाढ झोपू लागले. थोड्याच दिवसांत झोपेतच गेले.

धम्मदीपाची झोप मात्र उडाली. सायकलवरून येणाऱ्या अश्वजितनं लांबून हात केला तरी ती नजर वळवायची.

"अगं, तुझा काय संबंध?" तो कळवळून म्हणाला.

"त्यांनी ओझं माझ्याजवळ उतरवलं रे. आता मी कुठं ठेवू?"

अधूनमधून ती बस धरून चर्चमागे जाते. तो हात कुणाचा, हे कळायला मार्ग नाही. म्हणून ती प्रत्येक दगडापुढे थांबते.