अर्जावर नंबर माझा होता

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. प्राचार्य भाषणात म्हणाले, "गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर स्वतःचा मोबाइल नंबर देणारा दुसरा कारकून मी पाहिला नाही." टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून बसलो होतो आणि लोकांना तो विनय वाटला. मला भीती वाटत होती की कुणीतरी उठून त्या नंबराबद्दल विचारेल. कुणी उठलं नाही. विचारू शकेल अशी एकच व्यक्ती होती, आणि तिचं कॉलेज सुटून एक वर्ष झालं होतं.

ते घड्याळ अजून आमच्या घरात आहे. बायको त्याला सेल घालते. मला ते नको आहे, पण का नको ते तिला सांगितलेलं नाही. इथे सांगतो.

मी मूळचा सांगलीकडचा. थोरला भाऊ तारापूरच्या एका कारखान्यात लागला, त्याच्या मागोमाग मी आलो आणि सालवडला राहिलो. पालघर-बोईसर रस्त्यावरच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर माझी बावीस वर्षं गेली. पूर्वी अर्ज कागदावर असायचे. मूल समोर उभं राहायचं, कागद कमी असला तर तिथंच हातात परत द्यायचो. मग सगळं ऑनलाइन झालं. खातं उघडायचं तर मोबाइल नंबर हवा, त्यावर ओटीपी येणार, पुढचे सगळे निरोपही त्याच नंबरावर येणार.

डोंगराकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या निम्म्या मुलांकडे तेव्हा मोबाइल नव्हता. घरात एक असायचा, तोही बापाकडे. दिवाळी झाली की घरची माणसं वीटभट्टीवर जायची आणि मोबाइल त्यांच्याबरोबर जायचा. म्हणून मी अशा मुलांच्या अर्जात माझाच नंबर टाकू लागलो. दिवसभर खिशात फोन वाजत राहायचा. आमचा शिपाई म्हणायचा, "साहेब, तुमचा मोबाइल म्हंजे आख्ख्या तालुक्याचा मोबाइल. उद्या पोरांच्या सोयरिकी पण यावरच जमतील."

याला सगळे उपकार म्हणायचे. खरं तर सोय माझी होती. ओटीपीसाठी कुणाच्या मागे धावायला नको, सगळ्यांचा पासवर्डही मीच ठरवलेला, एकच. मुलांना आपल्या अर्जाचं काय चाललंय हे माझ्या तोंडून कळायचं. दुसरी वाटच नव्हती. हे मला आवडत होतं, हेही लिहून ठेवतो.

ऑनलाइन झालं त्याच्या पहिल्या वर्षी ती बी.एस्सी.ला आली. मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरची, सरकारी वसतिगृहात राहणारी. घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. दहावीच्या सुट्टीत ती मावशीबरोबर तारापूरच्या एका औषध कारखान्यात झाडलोटीला गेली होती. तिथं प्रयोगशाळेतल्या पांढरा कोट घातलेल्या बाया तिने पाहिल्या. अर्ज भरताना मी सहज विचारलं, सायन्सच का? तर म्हणाली, "त्या कोटासाठी, सर." मागच्या मुली हसल्या. तीही हसली.

तिची कागदपत्रं पाहताना मला मधलं एक वर्ष रिकामं दिसलं.

"बारावीनंतर वर्षभर कुठं होतीस?"

"भट्टीवर, सर. आईचा हात मोडलेला. भट्टीवर जोडी लागते, एकट्या माणसाला घेत नाय. मग बापासंगं मी गेली."

"मग गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल."

"ते काय असतं?"

"स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं, की या वर्षात दुसरीकडं शिकत नव्हते." तिच्या मागे वीस मुलांची रांग होती आणि साइट सारखी बंद पडत होती. मी म्हणालो, "राहू दे. मागितलं तर बघू."

ते 'राहू दे' मी म्हणालो होतो. तिने नाही.

मागितलं ते डिसेंबरात. त्या दिवशी मी रजा टाकून माझ्या मुलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात फी भरायच्या रांगेत उभा होतो. माझी मुलगी हुशार, पण तिला कुठली शिष्यवृत्ती बसत नव्हती. जातीची बसत नव्हती आणि उत्पन्नाची जी होती तिच्या मर्यादेच्या मी जेमतेम वर होतो. रात्रंदिवस दुसऱ्यांच्या मुलांचे अर्ज भरणारा माणूस आपल्या मुलीचा एकही अर्ज भरू शकत नव्हता. त्या रांगेत खिशातला फोन वाजला. "आपला अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत पाठविण्यात आला आहे." खाली तिचं खातं, त्रुटी म्हणजे गॅपचं प्रतिज्ञापत्र, आणि मुदत पंधरा दिवसांची.

मी काय विचार केला तो जसाच्या तसा लिहितो. यांना आयतं मिळतं, तरी एक कागद धड आणता येत नाही. असा विचार केला आणि फोन खिशात ठेवला.

तिला सांगायला दोन मिनिटं पुरली असती. ती रोज कॉलेजात येत होती. पालघरला जाऊन प्रतिज्ञापत्र करून आणायला तिला एक दिवस लागला असता. पंधरा दिवसांत ती स्वतःहून दोनदा माझ्या टेबलापाशी आली. पहिल्यांदा म्हणाली, "सर, माजा फॉर्म झाला काय?" मी म्हणालो, "वर गेलाय. होईल." दुसऱ्यांदा आली तेव्हा जरा धीर करून म्हणाली, "रूममधल्या सगळ्यांचं मंजूर झालं, सर. माजंच नाय."

"मग? सरकार तुझ्या एकटीसाठी अडून बसलंय का? येईल."

रांगेतलं कुणीतरी हसलं. ती "बरं, सर" म्हणून गेली. तेव्हा तो मेसेज माझ्या शर्टाच्या खिशात होता. मुदत संपायला तीन दिवस होते.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कामाच्या रेट्यात विसरलो. विसरलो नव्हतो. आधी राग होता, मग उशीर झाला होता, आणि उशीर कबूल करायची लाज होती. या तिन्हींत मुदत गेली आणि अर्ज बाद झाल्याचा मेसेजही माझ्याच फोनवर आला.

प्रवेशाच्या वेळी आमचं कॉलेज अशा मुलांकडून हमीपत्र घ्यायचं, की शिष्यवृत्ती आली नाही तर फी स्वतः भरीन. वाचायला कुणाला वेळ नसायचा, सही कुठं करायची तेवढं मी बोट ठेवून दाखवायचो. तिनेही केली होती. जूनमध्ये ते हमीपत्र काढून कॉलेजने दुसऱ्या वर्षाचा तिचा प्रवेश अडवला. ती बापाला घेऊन प्राचार्यांकडे आली. प्राचार्यांनी फाइल घेऊन मला बोलावलं.

फाइलमध्ये आदल्या दिवशी मी एक शेरा लिहून ठेवला होता. "विद्यार्थिनी संपर्कात नाही."

प्राचार्यांनी तो मोठ्याने वाचला आणि तिला विचारलं, "काय गं, त्रुटी कळवली तर पूर्तता का केली नाहीस?"

"मला कुणी सांगितलंच नाय, सर. मी रोज हितंच तर होती." मग माझ्याकडे बघून, भांडणाच्या नव्हे, मला आठवण करून द्यावी तशा आवाजात म्हणाली, "आणि नंबर तर सरांचा होता ना?"

प्राचार्य म्हणाले, "काय हो?"

मी म्हणालो, "छे. हिनं कुणातरी नातेवाइकाचा दिला होता. या मुलांचं असंच असतं साहेब, दर महिन्याला नंबर बदलतात."

प्राचार्यांसमोर संगणक चालू होता. तिचा अर्ज उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि माझा नंबर त्यांना पाठ होता. त्यांनी उघडला नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून, की बघायचंच नव्हतं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्यांच्यावर ढकलून मी सुटत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला अजून वाटत असावं की मला आठवेल. तेवढ्यात तिचा बाप बोलला. तो दाराजवळ उभा होता, खुर्ची दिली तरी बसला नव्हता. मुलीला म्हणाला, "सर खोटं कशाला बोलतील? एवढा मोठा माणूस. तूच काय तरी इसरली असशील."

बापाने आम्हा दोघांना हात जोडले आणि दोघं निघून गेली.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. कॉलेजने शाल दिली, ते सुरुवातीला सांगितलंच आहे. ती तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली असं शिपायाकडून कळलं. एकदा सालवडच्या नाक्यावर दिसली, कंत्राटदाराच्या गाडीची वाट बघत आठ-दहा बायांमध्ये उभी होती. तिने मला पाहिलं की नाही ठाऊक नाही. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो.

गेल्या जुलैत एका सोमवारी दुपारी माझ्या फोनवर एक ओटीपी आला. असे मेसेज येणं केव्हाच थांबलं होतं. त्यात खात्याचं जे नाव लिहून आलं होतं ते मी ओळखलं, कारण ते मीच तयार केलं होतं. गावाचं पहिलं अक्षर, मग तिचं नाव, मग हजेरी क्रमांक. दहा मिनिटांत तो ओटीपी निरुपयोगी झाला. तासाभराने पुन्हा आला. तोही गेला. ती कुठेतरी बसून माझ्या खिशातल्या आकड्यांसाठी थांबली होती.

तिला शोधायला जायला हवं होतं. मी गेलो कॉलेजात. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कागदावर सगळं लिहून नेलं, की शेरा खोटा आहे, निरोप मला मिळाला होता, चूक माझी. माझ्या टेबलावर आता एक तरुण बाई बसते. तिने कागद वाचला, माझ्यासाठी चहा मागवला आणि अवघडून म्हणाली, "काका, त्या वेळच्या फायली मागच्या वर्षी रद्दीत गेल्या. हा कागद मी कुठल्या फायलीला लावू?" मी तो घडी घालून परत खिशात ठेवला. चहा प्यायलो.

बुधवारी दुपारी फोन आला. अनोळखी नंबर.

"सर, मी बोलते." तिने वर्ष सांगितलं, पाड्याचं नाव सांगितलं. गरज नव्हती. "बोईसरला ऑनलाइनवाल्याकडं बसलेय. आता तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येतील. तेवढे सांगा."

"माझा नंबर तुझ्याकडं आहे?"

"पाठ हाय."

"पुन्हा कॉलेजला जातेस?"

"दुसरं वर्ष. दुसऱ्या कॉलेजात. गॅपचा कागद या टायमाला आधीच काढलाय. आकडे आले का?"

फोन कानाला लावला की मेसेज दिसत नव्हता आणि चष्मा सापडत नव्हता. तिच्या मागून दुकानदाराचा आवाज आला, "जल्दी बोलो अंकल, टाइम जा रहा है!" मी दोन-दोन आकडे सांगितले. तिने प्रत्येक जोडी परत म्हणून दाखवली. "बरोबर हाय, टाका," असं ती त्याला म्हणाली.

मग मी म्हणालो, "त्या दिवशी प्राचार्यांसमोर मी खोटं बोललो. मेसेज मी वाचला होता."

"मला माहीत हाय, सर. मीच तर बोलली होती तवा."

"मी कॉलेजला लिहून द्यायला गेलो होतो..."

"कॉलेजचं काय करायचं?" तिचा आवाज चढला नव्हता. "माज्या बापाला सांगायचं होतं. तो शेवटपर्यंत मलाच म्हणायचा, तू इसरली म्हणून बसलीस पॅकिंगला. दोन वर्सं झाली त्याला जाऊन."

तिच्या मागून दुकानदाराने पुन्हा घाई केली.

"ठेवते, सर. नंबर बदलून घेतेय. झाला की तुमाला एक मेसेज येईल. मग परत नाय येणार."

पाच मिनिटांनी मेसेज आला. "आपला नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलण्यात आला आहे." तिचा अर्ज पुढे मंजूर झाला, परत आला की बाद झाला, ते मला कळलेलं नाही. कळायची सोय आता राहिली नाही.