आत्या वाचायची ती गोष्ट

त्या दिवशी पहाटेपासून धुकं होतं. इतकं दाट की अंगणातली दोरी दिसत नव्हती, आणि दोरीवरचा आजोबांचा सदरा नुसताच हवेत हात पसरून उभा होता. आत्या मागच्या पायरीवर बसून कंदिलाच्या काचा पुसत होती. चाळलेली राख, एक ओलं फडकं, एक कोरडं, आणि शेवटी जुन्या वर्तमानपत्राचा बोळा. काच तोंडाला अरुंद. आईचा हात आत जात नसे, काकूचा जाई पण बाहेर येत नसे. आत्याचा मात्र सरळ आत शिरे आणि गोल फिरून बाहेर येई.

तीन कंदील, तीन काचा. काच उजेडाकडे धरून आत्या निकाल द्यायची.

"धाकटे, ही तुझी. काळी ठिक्कर. वात वर चढवून ठेवायची आणि आपण घोरत पडायचं."

"मी घोरत नाही, वन्सं," काकू आतून म्हणाली.

"मग काच काय लाजून काळी झाली?"

काकू ही धाकट्या काकाची बायको, घरात सगळ्यांत नंतर आलेली, म्हणून सगळे टोमणे पहिल्यांदा तिच्या वाट्याला. पण तीही काही कमी नव्हती. आत्याची काच नेहमी स्वच्छच कशी, असं ती विचारी. आत्या म्हणे, "कारण मी कंदिलाखाली काम करते. तुम्ही त्याच्याकडे बघत बसता."

ते मात्र खरं होतं. आत्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली न झाली तोच तिचा नवरा तापानं गेला आणि ती एक ट्रंक आणि एक शिलाई मशीन घेऊन माहेरी परत आली. ट्रंक माळ्यावर गेली, मशीन मधल्या खोलीत खिडकीपाशी. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे सदरे आणि सगळ्या पोरांच्या चड्ड्या तिच्या हातच्या. घरात मात्र तिला विचारून काही होत नसे. डाळ किती शिजवायची ते आई ठरवी, कोण कुठं जाणार ते आजोबा ठरवत. आजोबा म्हणजे लाकडाच्या वखारीत तीस वर्षं मापं घेतलेला माणूस. त्यांनी ओंडक्याकडे नुसतं बघून लांबी सांगावी आणि ती बोटभरही चुकू नये. त्यामुळं आपलं कुठलंच माप चुकत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती.

आता संध्याकाळचं सांगते. वीज नव्हती तेव्हा संध्याकाळ फार लवकर यायची आणि जायचं नाव घ्यायची नाही. एक कंदील स्वयंपाकघरात, एक पुढच्या दारात, आणि तिसरा मधल्या खोलीत. जेवणं उरकली की सगळं घर त्या तिसऱ्या कंदिलाभोवती जमायचं. काकू भिंतीवर हातानं ससा करून दाखवी. तिला ससा एकच येई, पण तो रोज करी. टीव्ही यायला अजून वीस वर्षं होती. तोवर आमच्याकडे आत्या होती.

कारण दर गुरुवारी आत्या गोष्ट वाचायची. दवाखान्यातला कंपाउंडर एका साप्ताहिकाचा वाचून झालेला अंक तिला एका रात्रीपुरता द्यायचा. "टेलरबाई, सकाळी आठच्या आत परत. मला पुड्या बांधायच्यात," असं दर वेळी बजावायचा. त्या अंकात एक लांबलचक कथा तुकड्यातुकड्यानं येत होती. आत्या भिंतीला पाठ टेकून बसे, कंदील उजव्या गुडघ्यापाशी, अंक मांडीवर. उजेड तेवढ्या मांडीपुरताच. बाकीचे अंधारात. कंदील एक, म्हणून पान एकाचंच, असा तो सगळा कारभार होता.

आजोबांना वाचता येत होतं, पण कंदिलाच्या उजेडात अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसत. आई दिवसभराच्या कामानं डोळे मिटून ऐके. काकू शाळेत गेलेली नव्हती. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आत्या 'क्रमशः' म्हणून अंक मिटायची, तेव्हा काकू चरफडायची, "हा क्रमशः मेला नेमका रंगात आल्यावर तडमडतो. याला घरदार नाही का?" कितीतरी महिने काकू त्याला गोष्टीतल्या मुलीचा कुणी दूरचा दीर समजत होती आणि आम्ही कुणी तिची समजूत मोडली नाही. फार मजा येत होती.

गोष्ट एका अनाथ मुलीची होती. हवेली, चोरीला गेलेला हार, दुष्ट कारभारी, सगळं होतं. आणि ती पावसाळ्यातच संपली. हार सापडला, कारभारी पकडला गेला, खाली ठळक अक्षरांत 'समाप्त' असं छापलेलं होतं. आत्यानं ते बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाली, "क्रमशः."

हे मला ठाऊक होतं, कारण आत्याच्या सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे असल्यामुळं मी तिला चिकटून बसत असे. मी दुसरीत होते, नुकती जोडाक्षरं वाचायला लागले होते. मी बोट ठेवून म्हटलं, "आत्या, इथं स-मा..." तेवढ्यात माझ्या मांडीला असा चिमटा बसला की पुढचं अक्षर मी गिळलंच.

तिनं असं का केलं, तेही सांगते. त्याच सकाळी आजोबांनी जाहीर केलं होतं की ताईची, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची शाळा चौथीनंतर बंद. गल्लीतली शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा पुलापलीकडे. "एवढ्या लांब पोर जाणार, दिवेलागणीला परत येणार. काही नको. घरात पाणी भरायला माणूस नाही," आजोबा म्हणाले. बाबा त्यांच्यापुढं कधी बोललेच नव्हते. आई भांडी जरा जोरात आपटत राहिली, तेवढंच.  ताईनं फक्त पाटी पुसून ठेवली, आणि ती इतकी स्वच्छ पुसली की आत्याला ते बघवलं नाही.

मग पुढच्या गुरुवारपासून गोष्टीतल्या मुलीला अचानक एक आजोबा फुटला.

हा म्हातारा कुठून आला ते कुणी विचारलं नाही. त्याला दमा होता, हातात काठी होती, आणि त्याला नातीनं शाळेत जायला नको होतं. पोर पुलावर उभी राहून पलीकडच्या शाळेची घंटा ऐकायची आणि घागर घेऊन परत फिरायची. आमचे आजोबा अस्वस्थ झाले.

"काय हट्टी म्हातारा आहे!" ते म्हणाले. "एवढीशी पोर, जाऊ दे की शाळेत. त्याच्या काय बापाचं जातं?"

आईनं डोळे उघडून आत्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी आत्यानं सहज विषय काढला. आजोबा म्हणाले, "गोष्ट वेगळी, घर वेगळं."  उसवून पुन्हा शिवायचा आत्याला कधी कंटाळा नव्हता. मग आठवडेच्या आठवडे ती तेच कापड पुन्हा पुन्हा बेतत राहिली. कधी म्हाताऱ्याला पुलापलीकडून आलेलं पत्र वाचायला माणूस सापडेना. कधी त्याला नातीच्या हातची पाटी दिसे आणि त्याचा दमा उसळे. मधूनमधून हाताला लागेल ते घरातलंही ती त्यात शिवून टाकायची. काकूनं डब्यातली साखर चोरून खाल्ली, तर त्या गुरुवारी गोष्टीतल्या एका जावेच्या ओठांना साखर लागली. "शी! काय मेलीची हाव!" असं काकू सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली आणि पदरानं ओठ पुसले.

आत्याच्या मांडीवर तेव्हा काय असायचं? कधी बागेतल्या किडीवरचे उपाय, कधी केसांच्या तेलाची जाहिरात. एकदा ती म्हाताऱ्याचे अश्रू वाचत होती तेव्हा माझ्या नाकासमोर 'ओवा पोटदुखीवर गुणकारी' असं लिहिलेलं होतं.

तर धुक्याच्या त्या सकाळी आत्या काचा पुसत होती तो गुरुवारच होता. शनिवारी पुलापलीकडच्या शाळेचे पुढच्या वर्षाचे अर्ज बंद होणार होते. अर्ज आत्यानं आणून, भरून, मशीनच्या खणात ठेवला होता. फक्त आजोबांची सही बाकी. बेत असा की आज म्हातारा विरघळेल, नातीच्या अर्जावर सही करील, आणि आमच्या आजोबांचे डोळे पाणावले असतानाच आत्या अर्ज आणि दौत पुढं सरकवील.

एकच अडचण होती. गल्लीत विजेचे खांब आले होते. घरात तारा ओढून झाल्या होत्या आणि वायरमननं मधल्या खोलीतला बल्ब नेमका आत्याच्या बसायच्या जागेवर टांगला होता. आत्यानं त्याला खूप सांगून बघितलं. कोपऱ्यात लाव, बाहेर लाव, गुरांच्या गोठ्यात लाव.

"तुमच्याकडे गुरं कुठं आहेत, बाई?" वायरमन म्हणाला.

"घेऊ की."

सगळं घर विजेची वाट बघत होतं, आणि आत्या एकटी तिच्यात खोट काढत होती. डोळे जातात म्हणे. किडे येतात म्हणे. पण करंट पुढच्या आठवड्यात येणार, असं वायरमन सांगून गेला होता. तेवढ्यावर ती निर्धास्त होती.

जेवणं झाली. आत्या भिंतीला टेकली, अंक मांडीवर उघडला, वात वर केली. "तर मग म्हातारा खाटेवरून उठला," तिनं सुरुवात केली, आणि तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब लागला.

गल्लीत एकच ओरडा झाला. काकूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग बोटांच्या फटीतून वर बघितलं. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. भिंतीला पोपडे आले आहेत हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आईच्या साडीला पाठीमागं ठिगळ होतं, तेही. आणि आत्या अंक छातीशी धरून बसली होती, थंडी वाजल्यासारखी.

आजोबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"आण इकडं," ते म्हणाले. "आता मला दिसतंय. आज मी वाचतो."

"असू दे, नाना. तुमचे डोळे दुखतील."

"आण म्हटलं ना!"

आत्यानं अंक दिला. आजोबांनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि वखारीत माप सांगावं तशा खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"'पायमोजा. पहिल्या ओळीत दोन टाके सुलट, दोन उलट.'" ते थांबले. "म्हातारा मोजे विणतोय?"

कुणी हसलं नाही. आजोबांनी पान उलटलं. मग आणखी एक. पुढचं मागचं सगळं उलटून झालं.

"शाळा कुठाय यात? पूल कुठाय?"

ताई आत्याकडे बघत होती. तिला तेव्हा कळलं असावं. इतके दिवस पुलावर कोण उभं होतं, ते.

"छापलेली गोष्ट पावसाळ्यातच संपली, नाना," आत्या म्हणाली.

"आणि पुढची?"

"ती माझी."

"म्हणजे तो म्हातारा..." आजोबांनी अंक खाली ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते आणि आता ते सगळ्यांना दिसत होतं. "तो मी?"

 काकू म्हणाली, "आणि ती साखरवाली जाऊ?" आईनं तिला कोपरानं ढोसलं.

"मला दमा आहे?" आजोबांचा आवाज चढला. "सांग ना! आहे मला दमा? हातात काठी कधी बघितलीस माझ्या? साठ वर्षांचा झालो, अजून ओंडका एकट्यानं फिरवीन मी!"

"दमा म्हाताऱ्याची दया यावी म्हणून दिला, नाना."

"कुणाला यावी?"

"तुम्हाला. आली की नाही? तुम्हीच म्हणायचात, पोरीला जाऊ दे की."

"म्हणायचोच! कारण तो मूर्ख आहे! दोन महिने झाले, एका पोरीला हो म्हणता येत नाही त्याला. माणूस आहे की खुंट? मी त्याच्या जागी असतो तर..."

ते एकदम थांबले. त्यांचं बोट हवेत तसंच राहिलं.

आत्या उठली. मशीनचा खण उघडून अर्ज काढला, दौत काढली, टाक काढला, आणि सगळं आजोबांसमोर जमिनीवर ओळीनं मांडलं.  

"तुम्ही त्याच्या जागी असता तर काय, नाना?"

आजोबांनी बाबांकडे बघितलं. बाबा बल्बकडे बघत होते. आईकडे बघितलं, आईचे डोळे आज टक्क उघडे होते. शेवटी ताईकडे बघितलं. ताई पाय जवळ घेऊन बसली होती आणि अर्जावर नजर लावून होती.

"लांब आहे ती शाळा," आजोबा म्हणाले. "बघू. पुलापर्यंत मी येईन सोडायला. तेवढंच माझं चालणं होईल." मग टाक उचलून गुरगुरले, "दमा म्हणे!"

सही त्यांनी मोठी केली, ओंडक्यावर खूण करावी तशी. शाई वाळायची वाट न बघता अर्ज आत्याकडे ढकलला. "आणि त्या म्हाताऱ्याचा आता निकाल लाव. पुढच्या गुरुवारी मला तो गोष्टीत दिसता कामा नये."

"बरं," आत्या म्हणाली.

"मारू मात्र नकोस."

"नाही मारत. गावाला पाठवते."

ताईनं अर्जावर फुंकर घातली. सही वाळेपर्यंत घालत राहिली. मग पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली, पाठ आमच्याकडे करून, आणि आई तिच्या मागोमाग गेली.

आत्यानं अंक घडी करून उशाशी ठेवला, सकाळी आठच्या आत द्यायचा होता. मग वर बल्बकडे एकदा डोळे किलकिले करून बघितलं.

"आता लागलाच आहे तर," ती म्हणाली, आणि चार सदऱ्यांची काजं करायची राहिली होती, ती घेऊन बसली. मी सुईत दोरा ओवून दिला. त्या उजेडात तो पहिल्याच खेपेला गेला.