शनिवारी ठरलेली कोजागिरी

सिंधूचा नवरा महिन्यातून एकदा लांडगा व्हायचा. हे तिला लग्नाआधीच माहीत होतं, त्यामुळे फसवलं वगैरे म्हणायला जागा नव्हती. हरीशनं पुण्यात एका हॉटेलात कॉफी मागवून, मान खाली घालून तिला सगळं सांगितलं होतं. आधी तिला हसू आलं, मग त्याचा चेहरा बघून ते विरलं. वडिलांचंही असंच होतं, म्हणाला. विश्वनाथराव एका पौर्णिमेला घरीच अडकले आणि बायकोच्या दंडावर त्यांचा पंजा ओढला गेला. सकाळी माणसात आल्यावर ते जे घराबाहेर पडले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

"नशीब, दात लागला नाही," हरीश म्हणाला. "दात लागला असता तर आईही आमच्यासारखीच झाली असती. माझ्या हातून तुला साधं नख जरी लागलं ना, तर मीही निघून जाईन. हे ऐक आणि मग हो म्हण."

सिंधूनं हो म्हटलं. प्रेमात पडलेल्या मुलीला अटी कधी नीट ऐकू येतात का! त्या ऐकू यायला लागतात संसार सुरू झाल्यावर. हरीशला जपानचं काँट्रॅक्ट मिळालं, दोघं निशी-कसाईला दोन खोल्यांच्या घरात राहायला आली आणि सिंधूचं आयुष्य सासूबाईंनी साताऱ्याहून पाठवलेल्या कॅलेंडरला टांगलं गेलं. पौर्णिमेच्या दिवशी हरीश दुपारीच तोयोसूच्या ऑफिसातून निघायचा आणि लांब पश्चिमेच्या डोंगरात जायचा. ही रात्रभर जागी. सकाळी चिखलानं माखलेले बूट दारात दिसले, की तिच्या जिवात जीव यायचा. लोकांना सांगायचं काय, तर ह्यांना ट्रेकिंगचं वेड आहे.

त्या काळी, नव्वदीच्या मध्यावर, निशी-कसाईत मराठी घरं होती मूठभर. त्या सगळ्यांच्या वरताण म्हणजे अरुणाताई. बाई मनानं सोन्यासारखी, पण एकदा काही मनात घेतलं की देवाचंही ऐकायची नाही. जपानी ऑफिसं काही आपल्या तिथीला सुट्टी देत नाहीत, म्हणून इथे सगळे सण पुढच्या शनिवारी ढकलायची पद्धत अरुणाताईंनीच पाडली होती. गणपती शनिवारी, हळदीकुंकू शनिवारी. त्या वर्षीची कोजागिरी होती गुरुवारी, म्हणजे ती शनिवारी, नदीच्या बांधावर. हरीशनं आनंदानं चटया आणायचं कबूल केलं होतं. गुरुवारी डोंगर, शनिवारी मसाला दूध. त्याला काय अडचण?

गुरुवारी सकाळी फोन वाजला.

"सिंधू, टीव्ही बघितलास का? शनिवारी वादळ येतंय," अरुणाताई म्हणाल्या. "मग मी म्हटलं, खरी पौर्णिमा आजच आहे, तर आजच करून टाकू. सगळ्यांना फोन झालेत. हरीशला सांग, लवकर ये म्हणून."

"ताई, ते ट्रेकला जाणारेत आज."

"डोंगर काय पळून जातोय होय? मी प्रकाशला सांगते, हाताला धरून घेऊन येईल."

प्रकाश म्हणजे हरीशच्या शेजारच्या टेबलावर बसणारा, त्यांच्याच इमारतीत राहणारा. सिंधूला काही सुचेना, आणि काही सुचेनासं झालं की माणूस जे करतो तेच तिनं केलं. "ताई, खरं सांगू का, त्यांना बरं नाहीये. अंगात ताप आहे. तरी गेलेत."

झालं. ताप म्हटल्यावर त्या बाई गप्प बसणार आहेत थोड्याच! त्यांनी लगेच प्रकाशला ऑफिसात फोन लावला. प्रकाशनं साहेबांना सांगितलं. दुपारी हरीश पाठीवर सॅक अडकवून निघतच होता. पौर्णिमेच्या दिवशी त्याला दुपारपासून घाम फुटायचा, हात थरथरायचे. साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि टॅक्सी मागवली. प्रकाशनं त्याची सॅक काढून घेतली, त्याला आत बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. हरीश 'मला डोंगरात जायचंय' म्हणत राहिला. प्रकाशला वाटलं, ताप डोक्यात गेलाय. पुढे रस्त्यात कसलं तरी काम निघालं होतं, त्यात टॅक्सी अडकली ती अडकलीच.

दारात हरीशला बघून सिंधूनं आधी घड्याळाकडे पाहिलं. डोंगराची गाडी गाठायची वेळ केव्हाच टळली होती. ऑक्टोबरात तिथं पाचलाच अंधारून येतं.

"वहिनी, झोपवा त्याला. डॉक्टर आणू का?"

"नको भावजी. तुम्ही जा दूध प्यायला. मी आहे ना."

प्रकाश गेल्यावर हरीश भिंतीला टेकून खाली बसला. "तू का सांगितलंस ताप आहे म्हणून?" एवढंच म्हणाला. सिंधूला रडू आलं, पण रडायला वेळ कुठे होता? घरात थांबणं शक्य नव्हतं. भिंती इतक्या पातळ, की पलीकडच्या आजींचा खोकला ऐकू यायचा. वरच्या मजल्यावर दोन लहान मुलं. जवळपास अंधाराची जागा एकच होती, नदीकाठचं बोरूचं रान, आणि त्याच नदीच्या बांधावर अरुणाताई स्टोव्ह पेटवून बसल्या होत्या.

ती दोघं मागच्या रस्त्यानं गेली, बांधावरच्या मंडळींपासून जमेल तितकी लांब, रेल्वेच्या पुलाखाली. वाऱ्यावर वेलदोड्याचा वास येत होता, कुणीतरी भावगीत धरलं होतं. समोरच्या इमारतींमागे चंद्राचा उजेड वाढत होता.

"आता जा," हरीश म्हणाला. "सिंधू, पाया पडतो तुझ्या. जा."

तो गवतात शिरला. ती वीस-पंचवीस पावलं मागे गेली आणि तिथेच थांबली. जायचं म्हणून गेली, पण पाय उचलेनात. गवतातून आधी कण्हण्याचा आवाज आला, मग कपडा फाटल्याचा, मग नुसता श्वास. आणि नेमका त्याच वेळी बांधावरून टॉर्चचा झोत खाली आला.

"वहिनी? तुम्ही इथे कशा? हरीश कुठाय?" प्रकाश हातात दुधाचा पेला सांभाळत उतरत होता. मित्राला दूध पोचवायला घरी गेला, दार बंद दिसलं, म्हणून शोधत आला होता बिचारा. असल्या चांगल्या माणसांचं करायचं काय, सांगा!

गवत हललं. आत जे होतं ते प्रकाशच्या दिशेनं वळलं, हे सिंधूला कळलं. ती धावत आत घुसली आणि दोन्ही हातांनी त्या केसाळ मानेला मिठी मारली. जनावराला कुणी आवळलं तर ते जे करतं, तेच त्यानं केलं. बाही वर सरकली होती, कोपराखाली दात रुतले. सिंधूनं ओठ घट्ट मिटले, नाकानं श्वास घेतला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "भावजी, उलट्या होतायत त्यांना. पुढे येऊ नका, त्यांना लाज वाटेल. गार हवेवर बरं वाटतंय. तुम्ही जा."

प्रकाश घुटमळला. मग पेला दगडावर ठेवून, "हाक मारा हं वहिनी," म्हणत वर गेला.

दात हळूहळू सुटले. त्या प्राण्यानं तिचा हात हुंगला, मान खाली घातली आणि तिच्यापासून लांब, पाण्याच्या कडेला जाऊन बसला. त्याचे डोळे तिला ओळखीचे वाटले. तिला इतकी भीती वाटली होती, की ती तशीच चिखलात बसून राहिली.

उजाडल्यावर हरीश तिच्यासमोर अंगाभोवती तिची शाल गुंडाळून बसला होता. ओठ निळे पडले होते.

"मी तुला काही केलं का?"

सिंधूनं स्वेटरची बाही मनगटापर्यंत ओढली.

"नाही."

"खरं सांग."

"काही नाही केलंस. प्रकाशभावजींनाही काही कळलं नाही. चल घरी, गारठलायस."

हरीश तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. 'तुला मी काही केलं नाही,' म्हणत राहिला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली, उजवा. डाव्याची जखम तिनं दुपारी न्हाणीघरात बघितली, तेव्हा ती जवळजवळ भरून आली होती. इतक्या लवकर माणसाची जखम भरत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

पुढची पौर्णिमा शुक्रवारी होती. सकाळपासून तिचे हात थरथरत होते. आंघोळीला बसली तर खिडकीबाहेरच्या मांजराचा वास तिला आला. हरीश नेहमीसारखा दुपारी ऑफिसातून परस्पर डोंगरात निघणार होता. निघण्याआधी त्यानं फोन केला.

"जेवलीस का? आवाज असा का येतोय?"

"सर्दी झालीये. तू जा निवांत. माझी काळजी करू नकोस."

फोन ठेवून तिनं जाड स्वेटर आणि एक साडी पिशवीत भरली आणि स्टेशनवर गेली. हरीशचे डोंगर पश्चिमेला. तिनं उलट्या दिशेची, पूर्वेला चिबाकडे जाणारी गाडी पकडली. पहाटेच्या पहिल्या गाडीनं परतायचं, आंघोळ करायची आणि तो येण्याआधी चहा टाकून ठेवायचा, असं तिनं ठरवलं होतं.